तीनशे बारावी सही

मी पेन बोलतोय. बॉलपेन नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. शाईचं पेन. काळंकुळकुळीत, बोटभर जाड, पोलादी निबेचं आणि थोडंसं आढ्यतेखोर. आढ्यता मी लपवत नाही, कारण ती फुकटची नाही. तीनशे अकरा माणसांनी आयुष्यातली पहिली सही माझ्या निबेनं केली आहे. तुमच्या खिशातल्या त्या प्लास्टिकच्या कांडीला विचारा, तिनं काय दिवे लावलेत ते. फार तर पार्सल मिळाल्याची सही केली असेल, तीही भिंतीला टेकवून.

माझा जन्म लेथ मशीनवर झाला. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर. त्याची एक दांडी कारागिरानं लेथला लावली आणि तासून तासून मला त्यातून बाहेर काढलं. मग आतून पोखरलं, शाईची टाकी केली, टोपणाला आटे पाडले. निबेखाली बसते ती जीभ, जिच्यावरून शाई टाकीतून निबेपर्यंत उतरते, ती त्यानं बारीक करवतीनं कापली. शेवटी टोपण लावलं, कानाशी नेऊन फिरवलं आणि म्हणाला, "बोलतंय छान." माझ्याबद्दल कुणीतरी काढलेला तो पहिला चांगला शब्द.

तिथून मी कागद-वह्यांच्या एका दुकानात आलो. दुकानदाराच्या कपाळावर चष्मा आणि डोळ्याला भिंग, दोन्ही एकाच वेळी. निबेकडे नुसतं बघून तो सांगायचा, पेन ओलं लिहील की कोरडं. त्याच्या काचेच्या पेटीत आम्ही अकरा जण होतो. एक दिवस त्याचा मित्र आला. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात कामगारांना लिहायला-वाचायला शिकवायचा तो. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मीही मास्तरच म्हणेन.

मास्तरांनी एकेक पेन उचललं आणि चक्क मुठीत धरलं! मुठीत धरून, वाकडं करून, कागदावर खसाखसा दाबून रेघा ओढायला लागले. दुकानदार काउंटरमागून उडीच मारून आला.

"अरे, निबा मोडशील माझ्या! लिहिता येत नाही का तुला?"

"मला येतं. माझ्या माणसांना येत नाही," मास्तर म्हणाले. "ती अशीच धरणार. यातून जे टिकेल ते दे."

दहा जणांनी हाय खाल्ली. कुणी फरकाटलं, कुणी शाईचा ढीग टाकला, एकाची निबच वाकली. मी टिकलो. मुठीतसुद्धा मी सरळ रेघ काढली. त्या दिवशी मी मास्तरांच्या वरच्या खिशात गेलो, आणि तेव्हापासून माझी निळी शाईही त्याच दुकानातून यायची.

मास्तरांचा वर्ग कारखान्याच्या उपाहारगृहामागच्या खोलीत, पहिली पाळी सुटल्यावर भरायचा. येणाऱ्यांची बोटं भट्टीनं पोळलेली, काचेनं कापलेली. बाटली कशी फुंकायची ते त्यांना विचारा, झोपेत सांगतील. पण फाटकावरच्या हजेरीला मात्र जांभळ्या पॅडवर अंगठा. पिढ्यान्‌पिढ्या अंगठा. तो दाबताना ही दांडगी माणसं दुसरीकडे बघायची, हे मी खिशातून रोज पाहिलं आहे.

मास्तरांची पद्धत ठरलेली होती. आधी पाटी, मग पेन्सिल, महिनोन्‌महिने. मला हात लावायचा नाही. ज्या दिवशी सही पक्की बसली असं मास्तरांना वाटे, त्या दिवशी ते त्या माणसाला साबणानं हात धुवून यायला सांगत. तो आला की स्वतः खुर्चीवरून उठत, त्याला आपल्या खुर्चीत बसवत आणि म्हणत, "आज अंगठ्याला सुट्टी." मग टोपण काढून मला त्याच्या हातात देत आणि समोर एक जाड वही उघडत. पहिल्या सह्यांची वही. आकडा आधीच घातलेला असे, त्याच्यापुढे सही करायची.

"दाबू नका," मास्तर सांगत. "नुसतं धरा. पेन आपणहून चालतं."

आणि मी चालायचो! हात थरथरला तरी मी शाई तोडली नाही. एक आजोबा होते, त्यांना सही करायला पाऊण तास लागला. मी पाऊण तास ओला राहिलो. एक बाई सही करून झाल्यावर रडायलाच लागल्या, तेव्हा टिपकागद आधी त्यांनाच द्यावा लागला. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. माझी छाती अशी फुगली की टोपण बसेना. हे थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

आता घरातल्या बाईंबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्या हातून घडलं. मास्तरांची बायको नकाशे काढणाऱ्या कार्यालयात ट्रेसर होती. पारदर्शक कागदावर नकाशे उतरवायचं काम. हात असा की रेघेवर रेघ ठेवली तरी दुसरी दिसायची नाही. तिकडची शाई वेगळी, नकाशाची शाई. दाट, काळी, आणि एकदा वाळली की पाण्याच्या बापालाही पुसता येत नाही. ती शाई ज्या पेनानं वापरतात ते पेन दर दोन-चार रेघांनंतर फडक्यानं पुसावं लागतं, नाहीतर घट्ट बसते. बाईंच्या कमरेला असं फडकं कायम खोचलेलं असायचं. मी आणि ती शाई एकाच टेबलावर राहायचो, पण तिच्या बाटलीशी माझा कधी संबंध आला नव्हता.

एकदा वर्गातल्या कपाटामागचा नळाचा पाइप फुटला. वही भिजली. चाळीसेक सह्यांचे नुसते निळे डाग झाले. मास्तर दोन दिवस एकेक पान टिपकागदात दाबत बसले होते. जेवणावर लक्ष नाही.

"अहो, पुन्हा घ्या त्यांच्या सह्या," बाई म्हणाल्या.

"पहिली सही पुन्हा कशी घेणार, सांग मला," मास्तर म्हणाले. "दुसरीच होणार ती."

त्या रविवारी दुपारी मास्तर आडवे झाल्यावर बाईंनी मला उघडलं, स्वच्छ धुतलं, पुसलं, आणि ड्रॉपरनं त्यांच्या बाटलीतली शाई माझ्या पोटात भरली. काठोकाठ. वर मला म्हणाल्या, "आता फुटू दे नळ."

तुम्ही म्हणाल, शाईत आयुष्य घालवलेल्या बाईला एवढं कळू नये? कळत होतं हो. म्हणून तर घात झाला. ती शाई उघड्यावर वाळते हे त्यांना पाठ होतं. पण माझी टाकी बंद, वर टोपण, मग वाळेल कशी, असा त्यांचा हिशेब. कारकुनाच्या बायकोनं ही चूक कधीच केली नसती. तिच्या घरात ती बाटलीच नसती.

पहिल्या दिवशी मी काय लिहिलं म्हणता! काजळासारखं. मास्तरसुद्धा चकित झाले, मित्रानं या खेपेला नवी शाई दिली असेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी घशात खवखव. तिसऱ्या दिवशी माझी जीभ टाळूला चिकटली. आणि नेमका तोच दिवस तीनशे बाराव्याचा.

भट्टीवरचा कामगार होता तो. ताटाएवढे तळहात, सगळे त्याला पहिलवान म्हणायचे. आठ महिने शिकत होता. साबणानं हात धुवून आला, खुर्चीत अंग चोरून बसला. मास्तरांनी वहीत ३१२ आकडा सकाळीच पेन्सिलीनं घालून ठेवला होता. पहिलवानानं मला धरलं, अगदी हलकं धरलं. मी कागदावर नुसता खरखरलो. त्यानं पुन्हा ओढलं, पुन्हा खरखर. मी आतून जीव एकवटला, पण थेंब उतरेना. मग त्यानं दाबलं आणि कागद फाटला.

"थांबा, पेन बिघडलंय," मास्तर म्हणाले.

"नाही मास्तर," पहिलवान म्हणाला. "माझा हातच असला." त्यानं मला अलगद खाली ठेवलं आणि सवयीनं अंगठा पुढे केला. मग आपणच काय केलं ते कळून तो उठला आणि गेला. तो वर्गात परत आला नाही. मास्तर दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. त्या माणसाला मी फसवलं, हे माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही.

त्याच संध्याकाळी मास्तर मला घेऊन दुकानाशी गेले आणि मित्राला बाहेर बोलावून भर रस्त्यात त्याच्यावर तुटून पडले. "काय कालवलंस शाईत, चोरा? पाणी? काजळी?"

"अरे, शाई चांगली आहे! पेन तर बघू दे."

"हात लावू नकोस. एका माणसाचा हात तू तोडलास आज."

मी ओरडून सांगत होतो की याच्यात याचा काही दोष नाही, पण माझी तर जीभच बसलेली. ज्यांना बोलता येत होतं त्या बाई घरी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. मास्तरांचा चेहरा पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या राग उतरला की सांगू, असं त्या मला हातात घेऊन पुटपुटल्या, ते मी ऐकलं आहे. आज सांगू, उद्या सांगू करता करता चौदा वर्षं गेली. मास्तर दुकानासमोरून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. कारखाना बंद पडला, वर्ग संपला, वही तीनशे अकरावर थांबली.

आणि मी टेबलाच्या खालच्या खणात. शेजारी कोण, तर कुठल्या कुलुपाची ते कुणालाच माहीत नसलेली एक किल्ली, चिकट झालेले रबर, आणि संपलेले चार सेल. सेल तर माझ्याशी अरे-तुरे करायला लागले. जिथे जागा मिळेल तिथे बसावं, पण संगत तरी बरी असावी की नाही?

गेल्या वर्षी मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं सावकाश का होईना परत आलं, पाय थोडा परत आला, पण उजवा हात आला नाही. आणि अशात त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. नोंदणी कार्यालयात जायचं, सह्या करायच्या, संपलं. लेकीनं आधीच जाहीर केलं होतं, "माझ्या बाजूनं साक्षीदार बाबा."

कार्यालयातून चौकशी करून आली आणि म्हणाली, "बाबा, काही काळजी करू नका. सही जमत नसेल तर अंगठा चालतो म्हणाले."

मास्तरांनी तोंड भिंतीकडे केलं.

"अहो बाबा, मला काय फरक पडतो? तुमचा अंगठा मला सहीसारखाच."

"मला पडतो," मास्तर म्हणाले. "अंगठा लावून तुझ्या लग्नाला साक्ष राहायचं असेल तर दुसरा कुणी बघ." हे बोलून झाल्यावर ते रडले. मास्तर रडलेले मी पहिल्यांदाच ऐकले. खणातून दिसत नाही, पण ऐकू येतं.

मग डाव्या हातानं प्रयत्न सुरू झाले, बॉलपेननं. आता बॉलपेनची गंमत सांगतो. दाबल्याशिवाय ते लिहीत नाही. धडधाकट माणसाला कळतही नाही आपण किती दाबतो ते. मास्तरांच्या डाव्या हातात तेवढा जोरच नव्हता. दोन अक्षरं झाली की बोटं गळायची आणि कागदावर नुसत्या पांढऱ्या खुणा उमटायच्या. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी मास्तर म्हणाले, "ते काळं पेन कुठंय गं? त्याला दाबावं लागत नाही."

बाईंच्या हातातला पेला खाली पडला. लग्नाला पाच आठवडे उरले होते.

त्यांनी मला खणातून काढलं. चौदा वर्षांनी उजेड! मला वाटलं, आता दाखवतो. कसलं काय. मास्तरांनी मला डाव्या हातात धरलं, मी कागदावर टेकलो आणि मांजरानं दार ओरबाडावं तसा आवाज आला. जुनी शाई निबेच्या फटीत दगड होऊन बसली होती, आणि त्या दिवशीच्या दाबण्यानं निबेचं एक पातं दुसऱ्यापेक्षा केसभर वर गेलं होतं. मास्तरांनी मला खाली ठेवलं. "हेही गेलं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला पदराच्या टोकात गुंडाळून थेट दुकानात गेल्या.

दुकानदार म्हातारा झाला होता. भिंग तेच. "वहिनी? तुम्ही?" असं म्हणून त्यानं आधी बाईंच्या मागे रस्त्याकडे बघितलं, मास्तर आलेत का ते.

"ते नाही आले, भाऊजी. मीच आलेय. एवढं पेन चालू करून द्या."

त्यानं मला हातात घेतलं मात्र, त्याच्या चेहऱ्यावरचं म्हातारपण निम्मं उतरलं. "हे? अरे, हे तर मुठीतलं!" ओळखलं मला. अकरा जणांतून ओळखलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. त्यानं निब आणि जीभ ओढून बाहेर काढली, कोमट पाण्यात बुडवली. "गरम नको. गरम पाण्यानं एबोनाइटचा रंग उडतो," असं स्वतःशीच बोलत होता. "वाळलेली शाई कोमट पाण्यात सुटतेच. उद्या या."

उद्या गेल्या. पाणी स्वच्छ. परवा गेल्या, तरी पाणी स्वच्छ. तिसऱ्या दिवशी दुकानदारानं भिंगातून बघितलं आणि भिंग काढून खाली ठेवलं.

"वहिनी, माझी शाई असती तर पहिल्याच तासात पाणी निळं झालं असतं. ही माझी शाई नाही. यात काय घातलं होतं?"

बाई काउंटरवरचा एक कागद उगाच सरळ करत राहिल्या.

"कळल्याशिवाय मला काही करता यायचं नाही. चुकीचं औषध घातलं तर पेन जाईल."

"नकाशाची शाई," बाई म्हणाल्या. "मी घातली होती. तुमच्या शाईत काही खोट नव्हती, भाऊजी. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही." मग रडत रडत सगळं सांगितलं, वही, नळ, रविवारची दुपार, सगळं.

दुकानदार कितीतरी वेळ फडक्यानं काउंटर पुसत होता. एकच जागा पुसत होता. "चौदा वर्षं मी रात्रंदिवस आठवतोय, त्या शाईत काय गेलं असेल म्हणून," तो म्हणाला. "त्या वर्षाच्या सगळ्या बाटल्या ओतून टाकल्या होत्या मी." मग म्हणाला, "पेन मी करून देतो. पण ते त्याच्या हातात मी स्वतः देणार. आणि मी यायच्या आत तुम्ही त्याला सांगायचं."

मग माझी खरी चिकित्सा सुरू झाली. नकाशाच्या शाईवरचा उतारा बाईंनाच ठाऊक. काच पुसायचं अमोनियाचं पाणी, भरपूर साधं पाणी घालून सौम्य केलेलं, आणि त्यात निब-जीभ तेवढी बुडवायची. टाकीला ते लावायचं नाही. वास असा की विचारू नका. पण तासाभरात माझ्या जिभेवरून काळ्या सायी सुटायला लागल्या. बाईंनी जिभेचे खाचे मऊ ब्रशनं घासले. फट साफ करायला दुकानदार पितळी पत्रा शोधत होता, तर बाईंनी पिशवीतून नकाशाच्या फिल्मची पातळ पट्टी काढली. "पितळेनं चरे पडतात. ही घ्या."

"चाळीस वर्षं निबा दुरुस्त करतोय," दुकानदार म्हणाला, "आणि हे मला आज कळतंय होय!"

त्यानं खालचं पातं नखानं अलगद वर उचललं, भिंगातून बघितलं, पुन्हा उचललं. दोन्ही पाती समोरासमोर आली. फट केसभर सैल केली, शाई मोकळी यावी म्हणून. मग ताजी निळी शाई भरली आणि कागदावर टेकवलं. मी लिहिलं! गुळगुळीत, ओलं, मधे कुठे न तुटता. दुकानदारानं सगळा कागद भरेपर्यंत मला थांबवलंच नाही.

त्या दुपारी बाईंनी मास्तरांना सांगितलं. मी दुकानात राहिलो होतो, त्यामुळे हे ऐकीव आहे, पण लेकीनं नंतर दहा वेळा सगळ्यांना सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी त्याला रस्त्यात चोर म्हणालो." दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "पाण्यानं जाऊ नये म्हणून घातलीस?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस, बाई?"

"त्या दिवशी भाऊजींशी भांडून आलात तेव्हाचा तुमचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. भ्याले मी."

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बोलाव त्याला."

दुकानदार मला घेऊन आला. दोन म्हातारे समोरासमोर. मला वाटलं, आता गळ्यात पडतात. कसले पडताहेत!

"तोंड वाकडं झालंय तुझं," दुकानदार म्हणाला.

"तुझं आधीपासूनच आहे," मास्तर म्हणाले. मग डावा हात पुढे केला. पेनासाठी नाही. दुकानदारानं तो दोन्ही हातांत धरला आणि दोघंही खिडकीकडे बघायला लागले. मी मधे चेंगरलो होतो, पण तक्रार केली नाही.

डाव्या हाताचं एक दुखणं असतं. उजवा हात निबेला ओढतो, डावा ढकलतो, आणि ढकललं की निब कागदात रुतते. मास्तरांनी चार रेघा काढून दाखवल्या. दुकानदारानं तिथेच बसून पॉलिशच्या बारीक कागदावर माझं टोक आठाच्या आकड्यासारखं फिरवलं, दहा वेळा, बघितलं, आणखी पाच वेळा. मग मी ढकललं तरी सरकायला लागलो. उजव्यांचं पेन मी आयुष्यभर होतो. म्हातारपणी डावखुरा झालो, आणि त्याचाही मला अभिमान आहे.

चार आठवडे शाळा भरली. मास्तरांच्या जुन्या खुर्चीत बाई, समोर स्टुलावर मास्तर. आधी पाटी, मग पेन्सिल. मला हात लावायची परवानगी नाही.

"नियम म्हणजे नियम," बाई म्हणायच्या. "तुमचेच आहेत."

मास्तर चिडायचे. "अगं, मी शिकवलंय तीनशे लोकांना!"

"शिकवलंत ना? मग शिका आता. पुन्हा काढा. दाबू नका. नुसतं धरा." बाईंच्या हाताखाली नकाशे उतरवणारे कसे घडले असतील, ते मला तेव्हा समजलं. रेघ हललेली त्यांना चालायचीच नाही. मास्तरांनी दोनदा पाटी फेकली. दोनदाही स्वतःच वाकून उचलली.

लग्नाच्या दिवशी सकाळी दुकानदारानं माझ्यात शाई भरली. कार्यालयात मोठी रांग होती. आमचा नंबर आला. नवरा-नवरीच्या सह्या झाल्या, बाकीच्या दोन साक्षीदारांच्या झाल्या. कारकुनानं मास्तरांचा लोंबता उजवा हात बघितला आणि सवयीनं, अगदी प्रेमानं, जांभळा पॅड उघडून पुढे सरकवला. तोच रंग. मी तो चौदा वर्षांनी बघत होतो.

"आजोबा, अंगठा द्या. मी धरतो हात."

मास्तरांनी पॅडचं झाकण डाव्या हातानं बंद केलं. "आज अंगठ्याला सुट्टी," ते म्हणाले.

लेकीनं टोपण काढलं. बाईंनी नोंदणीचं पुस्तक घट्ट धरलं. मास्तरांनी मला धरलं, हलकं, अगदी त्या पहिलवानानं धरलं होतं तसं. खवखव नव्हती, सगळं साफ होतं, तरी एकदा फसलेल्याला खात्री कुठून येणार? मी टेकलो. थेंब उतरला. पहिलं अक्षर वाकडं आलं, पण आलं. मागे कुणीतरी घड्याळ बघून चुकचुकलं, तर कारकून त्याच्यावर डोळे वटारून म्हणाला, "थांबा की जरा. माणूस सही करतोय." सही पूर्ण झाली तेव्हा मास्तरांच्या कपाळावर घाम होता आणि माझ्या निबेवर शाई शिल्लक होती.

घरी आल्यावर बाईंनी कपाटातली जाड वही काढली. जिथे कागद फाटला होता त्या पानावर ३१२ अजून होता, पेन्सिलीचा, पुसट. मास्तर मान हलवायला लागले. "ती जागा त्याची आहे."

"त्याच्यासाठी तीनशे तेरा ठेवलाय," बाई म्हणाल्या. "दुकानदार भाऊजी शोधताहेत त्याला. पण डाव्या हाताला आज सही आली, तेव्हा रांगेत आता तुम्ही आधी आहात." मग त्या खुर्चीवरून उठल्या, बाजूला उभ्या राहिल्या आणि हातानं खुर्ची दाखवली. मास्तरांनी आपल्याच खुर्चीकडे पाहिलं. मग नळाकडे गेले, डावा हात साबणानं धुतला आणि येऊन बसले.

तेव्हा आता मी पुन्हा वरच्या खिशात आहे. डाव्या. रोज दोन ओळी लिहितो, आठवड्याला धुतला जातो, आणि नकाशाच्या बाटलीकडे चुकूनही बघत नाही, कानाला खडा. तुमच्या खणात माझा कुणी भाऊबंद खरखरत पडला असेल तर त्याला टाकू नका आणि आपला हात वाईट म्हणून स्वतःलाही बोल लावू नका. कोमट पाण्यात ठेवा. पाणी रंगलं नाही तर घरातल्या माणसांना विचारा, यात काय घातलं होतं. रागावू नका म्हणजे सांगतील.

आणि भट्टीवरचा, ताटाएवढ्या तळहातांचा एखादा म्हातारा तुम्हाला कुठे भेटला, तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, हात तुझा चांगला होता. बिघडलो मी होतो. आता बरा झालोय. आकडा घातलेला आहे, खुर्ची मोकळी आहे, साबणानं हात धुवून ये.